एनॉक बफ्टनच्या मधमाश्यांना सांगितलेली बातमी

हेप्झिबा प्रीस एकतीस वर्षं नेटलहोपच्या पोस्टात बसली आणि त्या एकतीस वर्षांत तिने एकही तार चुकीच्या दारात टाकली नाही. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, कारण दर चार-आठ दिवसांनी ती स्वतःच कुणाला ना कुणाला ऐकवायची. लढाईच्या वर्षांत तर हेरेफर्डशायरच्या त्या कोपऱ्यात सायकल दामटत येणारी मिस प्रीस दिसली, की बायका दारं लावून घेत. तार देऊन झाली की ती पाच मिनिटं उंबऱ्याशी उभी राहायची, हवा तर चहा करून द्यायची, पण खोटा धीर द्यायची नाही. ते तिच्या स्वभावातच नव्हतं.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिच्याकडे जे काम उरलं त्याला पगार नव्हता, आणि तिच्या मते ते तारांपेक्षा जास्त जोखमीचं होतं. गावातल्या मधमाश्यांना बातम्या सांगायचं काम.

नेटलहोपमध्ये मधमाश्यांपासून काही लपवत नाहीत. घरात कुणी जन्मलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, की त्या घरच्या मधपेट्यांपाशी जायचं, घराच्या किल्लीने प्रत्येक पेटीवर तीनदा ठोठावायचं आणि काय घडलं ते रीतसर सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या रुसतात. रुसल्या की मध करत नाहीत, आणि फारच मनाला लागलं तर सगळा कबिला घेऊन निघून जातात. तसं पाहिलं तर ज्याचं त्याने सांगावं, पण दुःखात माणसाचा घसा दाटतो, आनंदात त्याच्या पोटात साय्‌डर, म्हणजे सफरचंदाची दारू, जास्त झालेली असते, आणि मधमाश्यांना पुटपुटलेलं चालत नाही. हेप्झिबाचा, म्हणजे गावाच्या हेप्सीचा, आवाज खणखणीत होता. तिच्या आईचाही तसाच होता. त्यामुळे तेरा घरांच्या माश्या तिच्याकडे होत्या. 'लंगडा हंस' या पबच्या मालकीणबाई, मिसेस गॉडसल, यांची थोरली मुलगी लॉरीवाल्याबरोबर पळून गेली, तेव्हा आईच्या आधी माश्यांना कळलं होतं. चर्चची घंटा वाजवणाऱ्या सायलस पॉवेलने घरात टेलिव्हिजन आणला आणि माश्यांना सांगायचं विसरला, तर जून महिन्यात त्याच्या दोन्ही पेट्या रिकाम्या. सायलस म्हणाला, रोग पडला.

"रोगच," हेप्सी म्हणाली. "उर्मटपणाचा."

तिच्या स्वतःच्या घरी मात्र एकही मधपेटी नव्हती. लोक म्हणत, ठेवून तरी काय करणार? चौसष्ट वर्षांत मिस प्रीसच्या आयुष्यात माश्यांना सांगावं असं घडलंय काय? हेप्सी त्यावर काही बोलत नसे. या एका बाबतीत ती काही बोलत नाही, हे गावाच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

तिच्या घरापलीकडे दोन शेतं सोडून एनॉक बफ्टन राहायचा. वय अडुसष्ट, लग्न नाही, आठ मधपेट्या. एनॉक दिवसाला फार तर पाच शब्द बोलायचा आणि त्यातले तीन माश्यांच्या वाट्याला जायचे. बासष्ट सालच्या मे महिन्यात तो हर्नियाच्या ऑपरेशनसाठी हेरेफर्डला इस्पितळात गेला. सोमवारी सकाळी बस पकडण्याआधी त्याने हेप्सीच्या दारात येऊन घराची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "माश्या बघ."

"बघते," हेप्सी म्हणाली. "आणि तू नर्सबायांना छळू नकोस."

एनॉकने मान हलवली आणि तो गेला. त्याच्या मानाने ते बरंच संभाषण झालं होतं.

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला हेप्सी चर्चच्या वेदीवरच्या कापडांना इस्त्री करत होती, तेव्हा घंटा वाजायला लागली. गावात कुणी गेलं की पुरुषासाठी नऊ टोल, बाईसाठी सहा, मग जरा थांबून जेवढं वय तेवढे टोल. घंटा सुरू झाली की नेटलहोपमधला माणूस हातातलं टाकून मोजायला लागतो, आणि मोजून झालं की कोण गेलं ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. हेप्सीने मोजले. नऊ. थोडी शांतता. मग पुन्हा एक, दोन, तीन. चाळीस झाले तशी तिने इस्त्री खाली ठेवली. साठ झाले तेव्हा खुर्चीची पाठ धरली. अडुसष्ट झाले आणि घंटा थांबली.

अडुसष्ट वर्षांचे पुरुष गावात दोनच होते. एक हर्बर्ट प्रॉसर. पण हर्बर्ट त्याच वेळी तिच्या खिडकीसमोरून पंक्चर झालेली सायकल ढकलत, चाकाच्या आईवडिलांचा उद्धार करत चालला होता, तेव्हा तो मेला असण्याची शक्यता कमी होती. राहिला एनॉक.

पोस्टात फोन होता. इस्पितळाला विचारता आलं असतं. पण घंटा वाजल्यावर फोन करून खात्री करणं म्हणजे चर्चला खोटं पाडणं, आणि दुसरं म्हणजे पोस्टात आता जी नवी बाई बसायची ती तिकिटं उलटी चिकटवते म्हणून हेप्सी तिच्याशी बोलत नव्हती. शिवाय वेळ नव्हता. माश्यांना ही बातमी वाऱ्यावरून कळायच्या आत माणसाकडून कळावी लागते.

प्रत्येक पेटीला काळ्या कापडाची पट्टी बांधावी लागते. हेप्सीने कपाटं धुंडाळली. काळा कोट होता, पण तो अंत्यविधीला लागणार. छत्री काळी होती, पण पाऊस येणार. शेवटी तिने आपले चर्चला जायचे काळे रेशमी लांब मोजे काढले, त्यांची शिवणकामाच्या कात्रीने आठ तुकड्यांत वासलात लावली, बशीत केकचा तुकडा घेतला, बाटलीत थोडी साय्‌डर घेतली, किल्ली घेतली आणि ती निघाली. रस्त्यात ती रडली नाही. कामावर असताना ती कधीच रडत नसे.

एनॉकच्या मागच्या आवारात आठही पेट्या उन्हात गुणगुणत होत्या. हेप्सीने एकेका पेटीला मोज्याची पट्टी बांधली, समोर केकचा चुरा आणि साय्‌डरचा थेंब ठेवला आणि किल्लीने तीनदा ठोठावलं.

"मधमाश्यांनो, ऐका. तुमचा धनी एनॉक बफ्टन गेला."

आता नव्या धन्याचं नाव सांगायचं. नाव नाही सांगितलं तर माश्या दिवस मावळायच्या आत पोरक्या होऊन निघून जातात. एनॉकचा एकच पुतण्या होता, तोही बर्मिंगहॅमला, आणि तो साध्या घरमाशीला भिऊन टेबलाखाली शिरायचा.

"आजपासून तुमची धनीण मी, हेप्झिबा प्रीस. माझ्यासाठी काम करा. मी तुम्हाला अंतर देणार नाही."

सात पेट्यांना तिने एवढंच सांगितलं. आठवीला ठोठावलं, सांगितलं, आणि तिचे पाय निघेनात. आता माश्या तिच्याच झाल्या होत्या. आपल्या घरच्या माश्यांना आपल्या घरातलं सांगावं लागतं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. आवाज तोच, खणखणीत. "एकवीस सालच्या जूनमधलं. माझ्या बापाच्या सफरचंदाच्या बागेच्या फाटकाशी आम्ही दोघं उभे होतो. हा डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, 'हेप्सी, मला तुला एक विचारायचंय.' माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. आणि तेवढ्यात तुमच्या खापरपणज्या थवा करून डोक्यावरून गेल्या. या मेल्याने वर पाहिलं, माझ्या हातातलं दुधाचं भांडं हिसकावलं, आणि आवाजाने थवा खाली बसावा म्हणून ते बडवत बडवत त्यांच्यामागे पळाला. तीन तासांनी माश्या धरून आला. तोवर मी घरी जाऊन दार लावून घेतलं होतं. वाटलं, उद्या विचारील. एकेचाळीस वर्षं झाली. भांडंही परत दिलं नाही." इथे तिने नाक पुसलं. "तेव्हा 'हो' म्हणाले असते. मधल्या कुठल्याही वर्षी म्हणाले असते. गेल्या सोमवारी किल्ली द्यायला आला तेव्हासुद्धा म्हणाले असते. सांगून टाकलं. आता कामाला लागा."

माश्या कामाला लागल्या. हेप्सीला हलकं वाटलं. घरी जाऊन तिने काळी टोपी घातली आणि अंत्यविधीच्या जेवणासाठी हॅम सांगायला ती 'लंगडा हंस'कडे निघाली.

एनॉकच्या कुंपणापलीकडे गवतात बसून मिस्टर पिंचबेक चीज-सँडविच खात होते, हे तिला दिसण्याचं काही कारण नव्हतं.

हे पिंचबेक म्हणजे उत्तरेकडचे एक शाळामास्तर. टक्कल, गुडघ्यापर्यंतची पँट, पाठीवर पिशवी आणि हातात वही. गावोगाव पायी हिंडून दंतकथा गोळा करायचा त्यांना नाद होता. तीन दिवस ते 'लंगडा हंस'मध्ये उतरले होते आणि त्या तीन दिवसांत सायलस पॉवेल आणि मंडळींनी त्यांच्याकडून एकेका दंतकथेमागे साय्‌डरचा एकेक मग वसूल केला होता. पहिल्या दिवशी त्यांना कळलं की चर्चचा मनोरा जरा कलला आहे, कारण दोनशे वर्षांपूर्वी एका पाद्रीबुवांचं प्रवचन इतकं लांबलं की मनोऱ्याला डुलकी लागली. दुसऱ्या दिवशी कळलं की जुन्या विहिरीत एका सरदाराचा केसांचा टोप पडला होता आणि तेव्हापासून तिच्या पाण्याने टकलावर केस उगवतात. पिंचबेक दोन बाटल्या भरून आले. तिसऱ्या दिवशी सायलसला काही सुचेना, तेव्हा त्याने स्वतःच्या आजेसासूचं हडळीत रूपांतर केलं, आणि ते बरंचसं खरं होतं.

हेप्सी पबच्या मोठ्या खोलीत कधी जात नसे. बाजूच्या बोळात एक लहान खिडकी होती, तिथून ती मिसेस गॉडसलना हाक मारायची. त्या दिवशी ती खिडकीशी पोचली तेव्हा आत पिंचबेक उभे राहून बोलत होते. त्यांची पाठ खिडकीकडे होती आणि हातात वही उघडी होती.

"आज मला तुमची गरज नाही, मंडळी," ते सांगत होते. "आज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं. एक वृद्ध स्त्री, मधपेट्यांना काळे रेशमी मोजे बांधते..."

"मोजे?" सायलस म्हणाला.

"मोजे. आणि मग मधमाश्यांना म्हणते, मी उतरवून घेतलंय, 'तेव्हा हो म्हणाले असते. मधल्या कुठल्याही वर्षी म्हणाले असते...'"

पिंचबेकांचं वाचन स्पष्ट होतं. मुलांना शुद्धलेखन घालून घालून तसं झालं असावं. दुधाच्या भांड्यापासून गेल्या सोमवारपर्यंत त्यांनी एक शब्द गाळला नाही. हेप्सीचे हात खिडकीच्या चौकटीला चिकटले. पळून जावं हे तिला कळत होतं, पण ती तिथेच उभी राहिली.

खोलीत कुणी हसलं नाही. शेवटी सायलसने हातातला मग खाली ठेवला. "हे सगळं ठीक आहे मास्तर, पण गेलं कोण?"

"कुणी एनॉक बफ्टन. घंटा वाजली ना मघाशी."

"घंटा मी वाजवतो," सायलस म्हणाला. "आणि मी सकाळपासून बटाटे लावतोय. माझी नखं बघा."

कोपऱ्यात एक अनोळखी माणूस कणकेच्या पारीत भाजलेलं डुकराचं मांस खात होता. त्याने रुमालाने मिशी पुसली. "तो मी," तो म्हणाला. "लेम्स्टरहून आलोय. तुमच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला. हातोडा अडकत होता. आधी काटा नऊवर आणून पाहिलं, नऊ नीट वाजले. मग म्हटलं नुसताच हातोडा चालवून बघू."

"किती वेळा?"

"आता ते कोण मोजतंय! या बाईंनी खालून चहाला हाक मारली तोपर्यंत."

मिसेस गॉडसलनी कपाळाला हात लावला आणि त्याच वेळी त्यांची नजर खिडकीकडे गेली. काळी टोपी, तिच्याखाली पांढराफटक चेहरा. सगळी खोली वळली. पिंचबेकही वळले आणि त्यांनी, सभ्य माणूस असल्यामुळे, वही मिटली.

"हेप्सी, काय गं..." मिसेस गॉडसल म्हणाल्या.

"हॅम सांगायला आले होते," हेप्सी म्हणाली. "आता नको."

ती पबच्या मागे गेली, साय्‌डरच्या रिकाम्या पिंपांच्या आड उभी राहिली आणि मनसोक्त रडली. आधी आनंदाने रडली, कारण एनॉक जिवंत होता आणि त्या दोन तासांत तो नसलेलं जग कसं असतं ते तिने पाहून घेतलं होतं. मग लाजेने रडली. एकतीस वर्षांत एक तार चुकली नाही, आणि चुकली ती ही. आणि आपल्याच पोटातली गोष्ट टाय घातलेल्या एका परक्या माणसाच्या तोंडून, भाजलेल्या मांसाचा वास येणाऱ्या खोलीत, गावाला वाचून दाखवली गेली. तिने घरी जाऊन पडदे ओढून घेतले.

मिसेस गॉडसलनी इस्पितळाला फोन केला. एनॉक बफ्टन ठणठणीत होते. सकाळी लापशी नको म्हणून त्यांचं नर्सशी भांडण झालं होतं, म्हणजे नर्स बोलली होती आणि त्यांनी बशी सरकवली होती. पिंचबेकांनी मात्र आपल्या वहीत या हकिगतीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तीन दिवसांच्या अनुभवावरून त्यांची खात्री पटली होती की गावाने ही सगळी बतावणी त्यांच्यासाठीच रचली. दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी घेऊन ते पुढच्या गावाला गेले.

एनॉक शनिवारच्या बसने परत आला. घरात पिशवी ठेवून तो आधी मागच्या आवारात गेला, आठ पेट्यांवरच्या आठ काळ्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि नेहमीसारखा उघड्या हातांनी पहिल्या पेटीचं झाकण उचलायला गेला. चाळीस वर्षांत त्याला कधी माशी चावली नव्हती. त्या दिवशी तीन चावल्या, दोन डोळ्याखाली आणि एक ओठाला. गावात जे थोडे शहाणे होते ते म्हणाले, अंगाला इस्पितळाच्या औषधांचा वास येत असेल. बाकीच्या गावाला खरं कारण ठाऊक होतं. माश्यांच्या लेखी तो मेलेला होता.

मोठाच पेच होता. मधमाश्यांना सांगितलेलं परत घेता येत नाही. चुकून सांगितलं म्हणावं, तर आपल्याशी खोटं बोलले म्हणून त्या कायमच्या जातात. माश्या आता हेप्सीच्या होत्या, आणि विकत घेऊन परत घ्याव्यात तर मधमाश्यांचा पैशाने सौदा करत नाहीत. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्या गावाने यावर डोकं चालवलं. नवे पाद्री म्हणाले, माश्यांची मनापासून क्षमा मागावी. पण ते लंडनकडचे, त्यांना गावात येऊन तीनच वर्षं झाली होती, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि सोडून दिलं.

"एनॉकने खरंच मरावं," सायलस म्हणाला. "म्हणजे कुणाच्याच शब्दाला बट्टा नको."

"तू गप रे," मिसेस गॉडसल म्हणाल्या. "सरळ गोष्ट आहे. माश्या हेप्सीच्या. हेप्सीचं लग्न झालं की नवरा माश्यांचा धनी. मग तो नवरा मागच्या गुरुवारी मेला होता की नाही, हे माश्या कशाला विचारतील? त्याने हिच्याशी लग्न करावं आणि मोकळं व्हावं."

गावाला हे फार पटलं. सोमवारी सकाळी मिसेस गॉडसल स्वतः हेप्सीच्या दारात गेल्या. दार उघडेना, तेव्हा पत्र टाकायच्या फटीला तोंड लावून त्यांनी सगळी योजना सांगितली.

"मी काय मलम आहे, त्याच्या माश्यांना लावायला?" आतून खणखणीत आवाज आला. "आठ पेट्या सोडवायला म्हणून कुणी माझ्याशी लग्न करणार असेल, तर पेट्या त्याच्या अंगावर नेऊन ओतीन. त्याला सांगा, माझी चूक मी निस्तरीन, माश्या सांभाळीन, मध वर्षाला त्याच्या दारात ठेवीन. आणि तुम्ही आता जा, मिसेस गॉडसल. दाराला साय्‌डरचा वास लागतोय."

बोलून ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिला भीती एकाच गोष्टीची होती. गावाने ढकलल्यामुळे एनॉक येईल, टोपी हातात घेईल आणि ते विचारील. तिने एकेचाळीस वर्षं जपलेली गोष्ट त्याच्या तोंडून माश्यांच्या सोयीसाठी निघेल. मग तिच्याकडे तीसुद्धा उरणार नव्हती.

मंगळवारी दुपारी एनॉक आला. मागच्या दाराने आला आणि एकदाच ठोठावलं. हेप्सीने दाराचा वरचा अर्धा भाग उघडला, खालचा तसाच ठेवला. एनॉकचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता आणि ओठ एका बाजूला लोंबत होता. टोपी हातात होती.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "माश्यांचं काय ते मी..."

"माश्या तुझ्या," एनॉक म्हणाला. "राहू देत."

"मग कशाला आलास?"

एनॉकने टोपी एकदा पूर्ण गोल फिरवली. "तू त्यांना खरं ते सांगितलंस. तुलाही खरं कळायला हवं." दिवसाचे शब्द तर केव्हाच संपले होते. "एकवीस साली मी ते विचारणार नव्हतो."

"काय ते?"

"तुला वाटलं ते. तुझ्या बापाच्या बागेत माझ्या दोन पेट्या ठेवू का, हे विचारणार होतो."

एकेचाळीस वर्षं हेप्सी ज्या प्रश्नाला मनातल्या मनात 'हो' म्हणत आली होती, तो प्रश्न दोन मधपेट्यांचा होता. हसावं की त्याच्या सुजल्या डोळ्यावर आणखी एक ठेवून द्यावी, हे तिला कळेना. रागाच्या भरात तिने दार ओढलंही. पण अर्ध्यावर थांबली. या माणसाला खोटं बोलता आलं असतं, आणि तिला जन्मात कळलं नसतं.

"मग बागेचं तरी नंतर विचारायचं होतंस," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा बसला होता.

"तू दार लावलंस."

"एकेचाळीस वर्षं लावून नव्हतं ठेवलं, गाढवा!"

एनॉकने हे ऐकून घेतलं आणि त्यावर विचार केला. मग तो जे बोलला ते त्याने बहुधा तीन दिवस जुळवलं असावं, कारण ते बोलताना तो तिच्याकडे न पाहता दाराच्या बिजागरीकडे पाहत होता.

"गावात तेव्हा सात बागा होत्या. प्रॉसरची तर माझ्या कुंपणाला लागून. तो फुकट देत होता. पेट्या कुठेही राहिल्या असत्या. तुझ्या बागेत असत्या तर रोज यावं लागलं असतं." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मला रोज यायचं होतं, हेप्सी. पेट्यांशिवाय कसं यायचं असतं ते मला कळत नव्हतं. अजून कळत नाही."

कुंपणापलीकडे कुणाचा तरी पाय घसरला आणि सायलसचा आवाज दबक्या स्वरात काहीतरी म्हणाला. त्याला मिसेस गॉडसलनी गप्प केलं. हेप्सीने तिकडे पाहिलंही नाही. तिने दाराचा खालचा भाग उघडला.

"बाग आम्ही चौतीस साली विकली," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"आता मागे नुसता कोबी आहे."

"पाहिला येताना."

"आठ पेट्या ठेवायला किती काढावा लागेल?"

एनॉक वळला, एक डोळा बारीक करून त्याने वाफे मापले. "सगळा."

हेप्सी आत गेली आणि दातेरी फावडं घेऊन आली. एनॉकने हात पुढे केला तसा तिने तो झटकला. "टाके उसवून घ्यायचेत का? तिथे उभा राहा आणि सांग कुठून सुरुवात करू." त्याने बोट दाखवलं. ती चौसष्ट वर्षांची बाई बाह्या वर करून वाफ्यात उतरली आणि अजून धड गड्डे न धरलेला कोबी मुळासकट उपटून एकामागून एक कुंपणापलीकडे भिरकावू लागली. पहिल्या तीन कोबींनंतर पलीकडची मंडळी पांगली. इतक्या आनंदाने तिने आयुष्यात दुसरं काही उपटलं नव्हतं. एनॉक काही न बोलता उभा होता. त्याचं ते न बोलणं तिने आजवर पुष्कळ सोसलं होतं, पण आज ते आपल्या अंगणात उभं आहे, हे तिला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या वाफ्याच्या टोकाला पोचल्यावर ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"उद्या किती वाजता?" तिने विचारलं.

"पेट्या शनिवारी हलवू," एनॉक म्हणाला. "गार हवेत, पहाटे. सायलसची हातगाडी..."

"पेट्यांचं नाही विचारलं मी."

एनॉकने टोपी डोक्यावर घातली. मग पुन्हा काढली.

"सातला," तो म्हणाला.